जोडी फोडून विकू नका: बेळगाव सीमाभागातील सोसायट्या आणि पतसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, संचालक मंडळी आणि वसुली अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. मलप्रभेच्या काठाला साडेतीन एकर भात, वर माळाला थोडी रताळी, गोठ्यात दोन म्हशी. बावीस वर्षं कृषी पत्तीनचा, म्हणजे गावच्या शेती पतपुरवठा सोसायटीचा, सभासद आहे. कर्ज काढलं, फेडलं. कधी मुदतीत, कधी दंडव्याज भरून. त्यामुळं हे पत्र कर्ज बुडवणाऱ्याची वकिली करायला लिहिलेलं नाही. सोसायटीतला पैसा गावाचाच असतो. तो परत आला नाही तर पुढच्या खरिपाला शेजाऱ्याला खतापुरतंसुद्धा कर्ज मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वसुली करा. दुसरा मार्गच उरला नाही तर जप्तीही करा. माझं म्हणणं आहे ते जप्त केलेली जित्राबं आणि औतं आपल्याकडं ज्या रीतीनं लिलावात काढली जातात, त्याबद्दल.

२०२१ च्या मार्चमधली गोष्ट. संस्थेचं नाव घेत नाही, कारण ही रीत एकट्या त्या संस्थेची नव्हे. माझ्या चुलत्यांची, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बैलजोडी लिलावात गेली. सोन्या आणि हौशा. सोन्या चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेतून आणलेला खिलार खोंड. त्याला जोड लावायला आबा वर्षभर बाजार हिंडले. उंची जुळली तर शिंगं जुळेनात, शिंगं जुळली तर चाल जुळेना. शेवटी गोकाककडचा हौशा मिळाला. कन्नड घरात वाढलेला तो. ‘बारो’ म्हटलं की मान वर करायचा, आमच्या ‘ये ये’ला जागचा हलायचा नाही. आबांनी या वयात त्याच्यापुरते चार कन्नड शब्द तोंडात बसवून घेतले. दोघं एकमेकांना सरावायला दोन पावसाळे गेले. सोन्या डाव्या अंगाला, हौशा उजव्या. बाजू बदलली की दोघंही मान काढून घ्यायचे.

कर्ज होतं जोडीचं आणि एका पॉवर टिलरचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा शिवारात शिरली आणि नुकतंच लावलेलं भात आठ दिवस पाण्याखाली राहिलं. पुढच्या साली टाळेबंदीत कोबी आणि मिरची शेतातच कुजली. दोन हप्ते थकले, मग चार. मग कागद आले, आणि मार्चअखेर जवळ आल्यावर गाडी आली.

लिलाव सोमवारी सकाळी अकराला ठेवला. आमच्या गावात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गावातली चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बाहेरचे दोनच हेडे, म्हणजे गुरांचे व्यापारी, आले होते, दोघंही एकाच गाडीतून उतरले. बोली सुरू झाली आणि गावातल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. माझ्या खात्यावर त्या दिवशी रताळ्यांचे साठ हजार पडून होते. मीही बोललो नाही. आपल्याकडं भावकीतल्या, शेजारच्या गोठ्यातलं जनावर जप्तीतून घेऊन आपल्या दावणीला बांधणं म्हणजे मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आम्ही सगळे आबांचा मान राखायला गप्प उभे राहिलो, आणि आमच्या त्या गप्प राहण्यानंच आबांची जोडी मातीमोल झाली. गेली काही वर्षं हे मला झोपू देत नाही.

हेडे आपसात ठरवूनच आले होते. एकानं म्हटलं, आता नवा कायदा आलाय, गाड्या अडवतात, जोडी कोण घेणार? त्याच जानेवारीपासून राज्यात गोहत्याबंदीचा नवा कायदा लागू झाला होता आणि बाजारात सगळेच धास्तावलेले, त्यामुळं कुणाला उलट बोलता आलं नाही. वसुलीचे साहेब म्हणाले, जोडीला गिऱ्हाईक नसेल तर सुटे काढा. एक नंबर, दोन नंबर. सोन्या चोवीस हजारांना गेला, हौशा एकवीसला. ब्याण्णव हजारांची जोडी पंचेचाळीस हजारांत. पंधरवड्यात कळलं की दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात एकटा सोन्या एकेचाळीसला विकला. मधले सतरा हजार आबांच्या कर्जात जमा व्हायला हवे होते. ते ना आबांना मिळाले, ना तुमच्या संस्थेला.

अवजारांचं तर विचारूच नका. बाभळीची चार फणी कुरी, म्हणजे पेरणीची पाभर, तिचं चाडं, नळे, आबांच्या वडलांनी सुताराकडून बसून करून घेतलेली. यादीत लिहिलं होतं ‘लाकडी सामान, ४ नग’. कुळवाची पास आणि लोखंडी नांगर किलोवर, भंगाराच्या भावानं. पॉवर टिलर त्या मानानं बरा गेला, कारण त्याचं बिल आणि मॉडेल कागदावर होतं आणि घेणाऱ्याला काय घेतोय ते कळत होतं.

आणि शेवटी दावं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांना सांगायला नको. जनावर विकलं तरी आपण दावं देत नाही. घेणारा आपली दोरी घेऊन येतो, आपली दोरी सोडून आपल्या हातात देतो. गोठ्याची बरकत त्या दाव्याबरोबर घरात राहते, असं आपली माणसं मानतात. आबा पुढं झाले आणि हौशाच्या गळ्यातलं दावं सोडायला लागले. तेव्हा यादी धरून उभा असलेला पोरगा म्हणाला, “अहो, राहू द्या, यादीत दोरीसह लिहिलंय.” त्या पोराचाही दोष नाही. कागदावर होतं तसं त्यानं सांगितलं. आबांनी हात मागं घेतला आणि तसाच धोतराला पुसला. त्यांच्या बोटांना दाव्याचा जुना तेलकट चिकटा लागला होता.

जूनमध्ये सगळीकडं धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतल्या, पेरणीची धांदल. आमच्या पश्चिम भागातली खाचरं अरुंद, एकावर एक चढत गेलेली. ट्रॅक्टर वरच्या बांधापर्यंत पोचतच नाही. भाड्यानं औत मागायला गेलो तर ज्याच्याकडं जोडी आहे त्याचीच पेरणी राहिलेली. आबांची वरची चार खाचरं त्या साली पडून राहिली. बेंदराला त्यांनी कुंभाराकडचे मातीचे दोन बैल आणले आणि रिकाम्या दावणीपुढं ठेवून पूजा केली. आता मला सांगा, ज्याची पेरणीच झाली नाही तो उरलेला हप्ता कुठून देणार? लिलावाचा खर्च वजा होऊन आबांच्या नावावर तेव्हाही निम्म्याहून जास्त रक्कम उभी होती.

लिलाव ही गोष्ट वाईट नाही. बेळगावच्या एपीएमसीत आपण बटाटा, रताळी, गूळ सौद्यानंच विकतो. तिथं भाव का मिळतो? वार ठरलेला असतो, घेणारे दहा ठिकाणचे येतात, माल समोर ओतलेला असतो, आणि तिथं उभ्या माणसाला विकणाऱ्याची लाज वाटायचं कारण नसतं. तुमच्या लिलावात यातलं एकही नसतं. जागा संस्थेच्या आवारात, दिवस तुमच्या सोयीचा, घेणारे दोन, आणि बाकीचा गाव मान खाली घालून उभा. त्यात मार्च महिना. मार्चला गोठ्यातला कडबा संपत आलेला असतो आणि नवं जनावर पोसायची कुणाची तयारी नसते. उसाची बिलं कारखान्यांकडं अडकलेली असतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं चौदा दिवसांत बिल द्यायला सांगितलंय, पण चिकोडी, अथणी, रायबागच्या शेतकऱ्याला विचारा ते चौदा दिवस कधी भरतात. घेणाऱ्याच्या खिशात पैसा नाही त्या महिन्यात विकायला काढायचं आणि मग म्हणायचं की गिऱ्हाईक नव्हतं. तोच बैल अक्षय तृतीयेनंतर, पावसाच्या तोंडावर विकायला काढला तर त्याला दर येतो. पण तेव्हा तुमचं आर्थिक वर्ष संपलेलं असतं. ताळेबंदाच्या एका तारखेसाठी शेतकऱ्याची आणि संस्थेची दोघांचीही नुकसानी होते आहे.

मी कायदा शिकलेला नाही, पण या प्रकरणानंतर बेळगावच्या एका वकिलांकडं बसून थोडं समजून घेतलं. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता इंग्रजांनी केलेली. तिच्या कलम ६० मध्ये स्वच्छ लिहिलंय की न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जप्ती करताना शेतकऱ्याची शेतीची अवजारं, आणि पोट भरायला लागतील असं न्यायालयाला वाटेल तितकी गुरं आणि बियाणं, जप्त करता येत नाही. साहेबाच्या राज्यात बसलेल्या माणसाला हे सुचलं होतं! याच संहितेच्या एकविसाव्या आदेशात लिलावाचे नियम आहेत. लिलावाच्या जाहीरनाम्यात घेणाऱ्याला वस्तूची किंमत कळावी म्हणून जे माहीत असणं जरूर आहे ते सगळं लिहायचं. हलवता येण्याजोग्या मालाला जाहीरनाम्यापासून किमान सात दिवस आणि स्थावराला पंधरा दिवस जाऊ द्यायचे. हातोडा पडायच्या आधी कर्ज आणि खर्च कुणी पुढं ठेवला तर लिलाव तिथंच थांबवायचा. लिलावाच्या कामात असलेल्या माणसानं स्वतः किंवा दुसऱ्याच्या आडून बोली लावायची नाही. आणि जमिनीच्या बाबतीत तर असंही आहे की मालकानं न्यायालयाची खात्री पटवली की मी स्वतः खाजगीत विकून किंवा गहाण ठेवून ही रक्कम उभी करू शकतो, तर लिलाव पुढं ढकलता येतो.

तुमच्या वसुलीला सहकार कायद्याची स्वतंत्र वाट आहे आणि तारण दिलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी, हे मला कळतं. आबांनी जोडी तारण दिली होती, नाकारत नाही. पण कुरी तारण नव्हती. कुळव तारण नव्हता. आणि कोर्ट जमिनीच्या मालकाला जी सवड देऊ शकतं, ती आपल्याच गावातल्या माणसांनी निवडून दिलेल्या संचालक मंडळाला बैलाच्या मालकाला देता येऊ नये का? त्याला कायदा बदलावा लागत नाही. एका ठरावाचं काम आहे.

माझी मुख्य मागणी तीच आहे. जप्तीआधी मालकाला तीस दिवस द्या आणि त्याला स्वतः बाजारात नेऊन विकू द्या. तुमचा माणूस बरोबर पाठवा, पैसे थेट कर्जखात्यात जमा करून घ्या, हवं तर बाजार समितीची पावती मागा. आबांना हे करू दिलं असतं तर ते जोडी घेऊन चिंचलीला गेले असते. माघी पौर्णिमेच्या जत्रेत तिथं बैल बघायला लांबलांबून जाणती माणसं येतात. रुमालाखाली बोटं धरून सौदा करताना आबांना कुणी फसवू शकत नाही. सोन्या चार दाती असताना त्यांनी त्याच बाजारात घेतलेला. जोडी म्हणून विकली असती, जोड लावायला गेलेलं वर्ष भावात धरलं गेलं असतं. आणि गाव सोडून विकायचं म्हटल्यावर आम्हा कुणाला गप्प उभं राहावं लागलं नसतं.

तीस दिवसांत विकलं गेलं नाही तर लिलाव करा, पण तो जनावरांच्या बाजाराच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी. चार तालुक्यांतल्या चार संस्थांनी मिळून एकच दिवस ठरवला तर घेणारेही भरपूर येतील आणि दोघा हेड्यांना आपसात ठरवणं जड जाईल. जोडी जोडी म्हणूनच काढा. ज्येष्ठापासून लावणी उरकेपर्यंत औताच्या जनावराला हात लावू नका. यात एक अडचण आहे आणि ती तुम्ही मांडाल: या तीस दिवसांत मालकानं जनावर परस्पर विकून पैसे उडवले तर? असं करणारे आहेत, मी नाव घेऊन सांगू शकतो. त्यासाठी आता प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी नंबराचा बिल्ला आहे. तो नंबर बाजार समितीला कळवून ठेवा. हे काम एका फोनचं आहे.

यादीबद्दल. आबांच्या बैलांचे बिल्ल्याचे नंबर यादीत बरोबर लिहिले होते. पण दात किती, कोणत्या अंगाला चालतो, औताला बसतो का गाडीला, मारका आहे का, यातलं काहीच नव्हतं. घेणारा या गोष्टींना पैसे मोजतो, नंबराला नाही. म्हैस असेल तर कितवं वेत, किती दूध, गाभण आहे का. कुरी असेल तर कुरी लिहा, किती फणी ते लिहा. तुमच्या कारकुनाला हे माहीत नसेल तर गावातला कोणताही जाणता शेतकरी बसून लिहून देईल, पैसे न घेता.

आता नोटिशीच्या भाषेबद्दल, आणि हे मी जपून लिहितो, कारण आमच्या भागात भाषेचं नाव काढलं की माणसं लगेच दोन बाजूंना उभी राहतात. आबांना आलेली नोटीस पूर्ण कन्नडमध्ये होती. कन्नडशी आमचं भांडण नाही. बाजारात, बसमध्ये, सोयरिकीतसुद्धा आम्ही कन्नड बोलतो. पण आबा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले, त्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. त्यांनी नोटीस नातवाला वाचायला दिली. सातवीतल्या पोरानं अक्षरं वाचून दाखवली, पण ‘आक्षेप नोंदवण्याची मुदत’ म्हणजे काय ते त्याला काय कळणार? मुदत गेली. भाषिक अल्पसंख्याक पंधरा-वीस टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्र सरकारनं १९५६ च्या निवेदनातच सांगितलंय. ते सरकारांसाठी आहे आणि तुम्ही सहकारी संस्था आहात. पण तुमच्या ठेवी जमवण्याच्या जाहिराती मराठीत असतात. मग जप्तीची नोटीस पाठीमागच्या बाजूला मराठीत छापायला हरकत असू नये. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या सभासदाला कन्नड, आमच्याकडच्याला दोन्ही. सोबत दवंडीही द्या. आमच्या गावात अजून दवंडीवाला आहे, आणि वाचता न येणाऱ्या माणसाला ती ऐकू येते.

ट्रॅक्टरबद्दल थोडक्यात, कारण तो बहुतेक फायनान्स कंपन्यांचा विषय आहे आणि त्यांना वेगळं लिहायचंय. ट्रॅक्टर ओढून नेताना मागं जोडलेला रोटर आणि ट्रॉलीही जाते. ट्रॉली कित्येकदा मेव्हण्याची नाहीतर शेजाऱ्याची असते. मग ट्रॅक्टर दूरच्या यार्डात उभा राहतो, मोबाइलवर लिलाव होतो, आणि मालकाला तो किती रुपयांना गेला हे महिन्यानं कळतं. तुमच्यातल्या काही पतसंस्थाही आता हीच वाट धरायला लागल्यात. धरू नका. ज्याचं कर्ज नाही त्याची वस्तू गाडीत चढवू नका, आणि मालकाला लिलावाच्या वेळी तिथं उभं राहू द्या.

माझ्या गावातल्या लोकांनाही याच पत्रातून एक सांगतो, तुम्ही संचालक मंडळींनी ते ऐकावं म्हणून. आपण बोली न लावणं म्हणजे अब्रू राखणं असं समजत आलो. पुढच्या वेळी कुणाची वस्तू निघालीच तर मी बोली लावणार आहे, आणि मालकाला आधी घरी जाऊन सांगणार आहे की मी लावणार. शक्य असेल तितकी चढवीन. घेतलंच तर पेरणीला जोडी त्यालाच वापरू देईन. दोघा-तिघांनी मला साथ द्यायचं कबूल केलंय.

आपल्या देशातली पहिली शेती पतपुरवठा सहकारी सोसायटी १९०५ साली गदगजवळच्या कणगीनहाळात निघाली, सिद्दनगौडा पाटलांच्या पुढाकारानं. तेव्हा गदग आणि बेळगाव दोन्ही मुंबई इलाख्यातच होते. सावकाराच्या हाती शेतकऱ्याचा गोठा जाऊ नये, म्हणून माणसांनी आपापले पैसे एकत्र केले होते. तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर सहकार महर्षींच्या तसबिरी आहेत, मी दरवर्षी सभेला आलो की बघतो. म्हणूनच हे पत्र सावकाराला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव मी सभासद म्हणून मांडणार आहे. विषयपत्रिका छापण्याआधी तो त्यात घ्यावा, ही विनंती. अर्ज कार्यालयात दिलाय, पोच घेतली आहे.

सभेला अजून वेळ आहे. तोपर्यंत मंडळाच्या बैठकीशिवायही एक काम होण्यासारखं आहे. तुमच्या छापील यादीच्या नमुन्यात जनावरांच्या रकान्याखाली ‘दोरीसह’ असा शब्द आहे. तो तेवढा काढून टाका.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक सभासद शेतकरी